‘मान्यताप्राप्त’ म्हणजे कोणाची मान्यता?

बारावीचा निकाल लागला की आठवड्याभरात मुंब्रा, भिवंडी, मालेगाव अशा आपल्या वस्त्यांमध्ये फ्लेक्स लागतात. ‘एका वर्षात ग्रॅज्युएशन’, ‘दहावी नापासांनाही प्रवेश’, ‘गॅप भरून मिळेल’, ‘नोकरी करता करता बी.टेक.’ खाली दोन मोबाइल नंबर असतात आणि कोपऱ्यात एक शब्द हमखास असतो: ‘शासनमान्य’. गेल्या काही वर्षांत या फ्लेक्सवर पदवीची काळी टोपी आणि हिजाब घातलेली हसरी मुलगीही दिसू लागली आहे. माल कोणाला विकायचा आहे, ते चित्रातच सांगून टाकलेलं असतं.

मी सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. नव्या भरतीच्या मुलाखती घेणं हा कामाचा भाग आहे, आणि सुट्टीच्या दिवशी मोहल्ल्यातल्या करिअर मार्गदर्शन शिबिरात बसतो. त्यामुळे या पदव्यांची दोन्ही टोकं मला दिसतात. शिबिरात समोर बसलेला मुलगा मोठ्या आशेने फॉर्म दाखवतो. ऑफिसात तीन-चार वर्षांनी तशाच कुणाची तरी फाइल परत येते आणि तिच्यावर ‘व्हेरिफिकेशन फेल’ असा शेरा असतो. मधल्या काळात काय होतं, याबद्दल आपण आपसांत फारच कमी बोलतो. फसलेला बोलत नाही, कारण त्याला लाज वाटते. आणि फसवणारा बहुतेक वेळा आपल्याच गल्लीतला असतो.

माझ्या ओळखीतला एक मुलगा आहे. वडील नाहीत, मोठा भाऊ पॉवरलूमवर. बारावीनंतर रोजच्या कॉलेजला जाणं शक्य नव्हतं, म्हणून जवळच्या एका ‘स्टडी सेंटर’मधून बीसीए केलं. सेंटर एका मेडिकल स्टोअरच्या वरच्या मजल्यावर होतं आणि चालवणारे गृहस्थ वस्तीत ‘सर’ म्हणून ओळखले जायचे. विद्यापीठ दूरच्या एका राज्यातलं. परीक्षा त्याच सेंटरमध्ये, पुस्तकं समोर ठेवून. तीन वर्षांत नव्वद हजारांच्या घरात पैसे गेले, तेही रोख. हा मुलगा कोडिंग स्वतः शिकला, यूट्यूब बघून, रात्री जागून, आणि चांगलं शिकला. छोट्या कंपनीत तीन वर्षं काढली. मग मोठ्या कंपनीची ऑफर आली, जुनी नोकरी सोडली, आणि व्हेरिफिकेशन करणाऱ्या एजन्सीला विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून उत्तर आलं की महाराष्ट्रात आमचं कोणतंही केंद्र नाही. ऑफर गेली. जुन्या कंपनीने परत घेतलं नाही.

लोकांना वाटतं की बनावट पदवी म्हणजे प्रिंटिंग प्रेसवर छापलेला खोटा कागद. तसले कागदही विकले जातात, पण ते घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते माहीत असतं. मला काळजी आहे ती दुसऱ्या प्रकाराची. त्यात मुलगा खरोखर अभ्यास करतो, फी भरतो, परीक्षा देतो, आणि शेवटी हातात येतो तो कागद कायद्याच्या दृष्टीने काहीच नसतो.

कायदा तसा अवघड नाही. यूजीसी कायदा १९५६ सालचा. त्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार तिघांनाच आहे: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कोणी कितीही चांगलं शिकवत असलं तरी ते प्रमाणपत्र देऊ शकतात, पदवी नाही. कलम २३ म्हणतं की असा अधिकार नसलेल्या संस्थेने आपल्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्दही लावू नये. आणि हे मोडलं तर शिक्षा काय? कलम २४: एक हजार रुपयांपर्यंत दंड. १९५६ साली हजार रुपये मोठी रक्कम होती. आज सेंटरवाले एका मुलाकडून परीक्षा फॉर्मचे त्याहून जास्त घेतात. फसवणुकीचा गुन्हा वेगळा दाखल करता येतो, हे खरं. पण ज्या कायद्याने पदवीचं रक्षण करायचं, त्याचा धाक एवढाच आहे.

यूजीसी दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करते. महाराष्ट्रातून त्या यादीत वर्षानुवर्षे एक नाव येत आलं आहे: राजा अरेबिक युनिव्हर्सिटी, नागपूर. सीमाभागातल्या वाचकांसाठी सांगतो, बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकची बडगाणवी सरकार वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी एज्युकेशन सोसायटी हे नावही याच यादीत राहिलेलं आहे. पालक ही यादी बघतात, आपल्या सेंटरच्या विद्यापीठाचं नाव त्यात नाही म्हणून निश्चिंत होतात आणि पैसे भरतात. पण ही यादी कलम २२ आणि २३ मोडणाऱ्यांची आहे, म्हणजे जे विद्यापीठ नसून विद्यापीठ म्हणवून घेतात त्यांची. वरच्या मुलाचं विद्यापीठ खरं होतं. त्या राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून स्थापन केलेलं, यूजीसीच्या विद्यापीठांच्या यादीतलं. खोटं होतं ते त्याचं इथलं केंद्र. बनावट यादीत नाव नसणं म्हणजे पदवी खरी असणं नव्हे, हे मी शिबिरात प्रत्येक वेळी सांगतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी आश्चर्याने बघतं.

खासगी राज्य विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर दूरशिक्षणाची केंद्रं उघडता येत नाहीत. केंद्राचा ठेका दुसऱ्याला देणं, म्हणजे फ्रँचायझी, ही तर कुठल्याच विद्यापीठाला मुभा नाही. ऑनलाइन पदवीला राज्याच्या हद्दीचं बंधन नाही, पण तिची परवानगी वेगळी घ्यावी लागते. त्यातही परवानगी विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. ती मिळते ठराविक अभ्यासक्रमाला आणि ठराविक शैक्षणिक सत्रापासून. म्हणजे एखाद्या विद्यापीठाच्या डिस्टन्स बी.ए.ला परवानगी असेल आणि बीसीएला नसेल. यंदा असेल आणि तुमच्या भावाने प्रवेश घेतला त्या वर्षी नसेल. आणि काही विषय दूरशिक्षणाने शिकवायला मुळातच बंदी आहे: इंजिनीअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, आर्किटेक्चर, वकिली. ‘नोकरी करता करता डिस्टन्स बी.टेक.’ असा फ्लेक्स दिसला तर पुढे चौकशी करण्याचीही गरज नाही.

इथे शब्दांचा एक घोळ आहे आणि सेंटरवाल्यांचं पोट त्यावर चालतं. मराठीत आपण सगळ्यालाच ‘मान्यता’ म्हणतो. कॉलेज विद्यापीठाशी जोडलेलं असणं ही संलग्नता. तंत्रशिक्षण संस्थेला कोर्स चालवायची परवानगी एआयसीटीई देते. शिकवण्याचा दर्जा तपासून नॅक किंवा एनबीए देते ती अधिस्वीकृती. आणि दूरशिक्षणाची परवानगी यूजीसीचा दूरशिक्षण ब्युरो देतो. ही चार वेगळी कामं, चार वेगळे कागद. फ्लेक्सवर मात्र एकच शब्द असतो. विचारायला गेलात तर भिंतीवरची फ्रेम दाखवतात. मी अशा फ्रेमा मुद्दाम वाचतो. आयएसओ ९००१ असतं. ते कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, बिस्किटाच्या कारखान्यालाही मिळतं. ट्रस्टची नोंदणी असते, लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी असते, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा स्वयंसेवी संस्थेचा क्रमांक असतो. सगळे कागद खरे. सगळ्यांवर कुठे ना कुठे अशोकस्तंभ किंवा सरकारी खात्याचं नाव. आणि त्यांतल्या एकाचाही पदवीशी काडीचा संबंध नाही.

अधिस्वीकृती हा शब्द जड आहे म्हणून तो बाजूला ठेवायचा नाही. कोकणातल्या कितीतरी घरांनी तो २०१८ मध्ये कुवेतमधून आलेल्या फोनवर पहिल्यांदा ऐकला. त्या वर्षी कुवेतने परदेशी इंजिनीअरांच्या इकाम्याच्या नूतनीकरणासाठी तिथल्या इंजिनीअर संघटनेचा ना-हरकत दाखला सक्तीचा केला आणि ती संघटना भारतातले एनबीएची अधिस्वीकृती असलेलेच कोर्स धरू लागली. ज्यांच्या कॉलेजला एआयसीटीईची परवानगी होती, विद्यापीठाची संलग्नता होती, पण कोर्सला एनबीए नव्हतं, असे रीतसर शिकलेले, दहा-पंधरा वर्षं तिथे काम केलेले लोकही अडकले. त्यांची पदवी बनावट नव्हती. तरीही कागद तपासणाऱ्याने नियम बदलला आणि त्यांना ‘इंजिनीअर’ हे पद टिकवणं कठीण झालं. खऱ्या पदवीची ही गत, तर मेडिकल स्टोअरच्या वरच्या मजल्यावरच्या पदवीचं दूतावासाच्या खिडकीवर काय होत असेल?

माझ्या धंद्यातला एक दाखला देतो, कारण त्याने पदवी म्हणजे काय ते मला नीट कळलं. तुम्ही बँकेची वेबसाइट उघडता तेव्हा ब्राउझरला ती साइट एक डिजिटल प्रमाणपत्र दाखवते: मी खरोखर तीच बँक आहे. असं प्रमाणपत्र मीही माझ्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत बनवू शकतो. त्यातलं गणित तेच, कुलूप तेवढंच मजबूत. तरी ब्राउझर लाल इशारा देतो, कारण त्यावर सही माझीच आहे. ब्राउझरला ओळखीच्या संस्थेची सही लागते आणि त्या संस्थेवर तिच्या वरच्याची. पदवीचंही असंच आहे. ज्ञान तुमच्या डोक्यात असतं, ते कोणी काढून घेत नाही. पदवी म्हणजे अनोळखी माणसाला, तुम्हाला न भेटता, विचारून खात्री करता येईल अशी सोय. विचारल्यावर पलीकडून ‘होय’ आलं नाही तर त्या कागदाचं काम संपलं.

यावर माझ्याच क्षेत्रातले मित्र म्हणतात की आता डिग्री कोण विचारतं, कोड येतो का ते बघतात. काही कंपन्यांनी पदवीची अट काढली आहे, हे खरं. पण अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण लागतं. आखातात ‘इंजिनीअर’ आणि ‘टेक्निशियन’ यांच्यात पगाराचा आणि कुटुंबाला सोबत नेता येण्याचा फरक पडतो, आणि तो फरक कागद ठरवतो. एमपीएससीला पदवी लागते. माध्यमिक शाळेत शिक्षिका व्हायचं तर पदवी आणि बी.एड. लागतं. शिवाय ‘पदवी लागत नाही’ हे वाक्य ज्यांच्याकडे चांगली पदवी आहे त्यांच्याच तोंडून जास्त ऐकू येतं.

अमान्य आणि बनावट हे दोन शब्द मात्र मी एक मानत नाही. जामिया मिल्लिया इस्लामिया १९२० मध्ये असहकाराच्या काळात सुरू झाली ती सरकारी मान्यता नाकारूनच. डॉ. झाकिर हुसेन यांच्यासारखी माणसं तिथे तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षे शिकवत राहिली. तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९६२ मध्ये मिळाला आणि १९८८ मध्ये ती केंद्रीय विद्यापीठ झाली. पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ चं, त्याला अभिमत दर्जा मिळाला १९८७ मध्ये. या संस्थांत शिकायला आलेल्याला आपण सरकारी शिक्का सोडतोय हे माहीत होतं, किंबहुना म्हणूनच तो आला होता. देवबंदच्या दारुल उलूमची सनदही अशीच. ती स्वतःला बी.ए. म्हणवत नाही. तिच्या क्षेत्रात तिची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि अलीगढ, जामिया, हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ यांसारखी विद्यापीठं काही मदरशांच्या सनदा ठराविक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी धरतात, तेही उघड नियमाने.

२०१५ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री विनोद तावडे यांच्या पुण्यातल्या ज्ञानेश्वर विद्यापीठाच्या इंजिनीअरिंग पदवीवरून वाद झाला होता. त्या विद्यापीठाला सरकारी मान्यता नव्हती, हे तावडे यांनी मान्य केलं आणि आपण काही लपवलेलं नाही असं सांगितलं. राजकारण्यांचं ठीक आहे, त्यांना निवडून यायला पदवी लागत नाही. अमान्य पदवी घेऊन मंत्री होता येतं, पण महापालिकेत कनिष्ठ अभियंता होता येत नाही.

आता सर्वोच्च न्यायालयाचा ३ नोव्हेंबर २०१७ चा निकाल बघा. प्रकरण ओडिशातल्या उपसा सिंचन महामंडळापासून सुरू झालं. नोकरीतल्या डिप्लोमाधारकांना बढतीसाठी पदवी हवी होती आणि त्यांनी ती दूरशिक्षणाने मिळवली. न्यायालयासमोर चार अभिमत विद्यापीठं होती: उदयपूरचं जे.आर.एन. राजस्थान विद्यापीठ, राजस्थानातल्याच सरदारशहरची इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीज इन एज्युकेशन, अलाहाबादची कृषी संस्था आणि तमिळनाडूतली विनायक मिशन्स. चौघांनीही एआयसीटीईच्या परवानगीशिवाय डिस्टन्सने इंजिनीअरिंग शिकवलं होतं. त्या वेळची दूरशिक्षण परिषद आणि यूजीसी यांनी त्यांना मागाहून, जुन्या तारखेपासून परवानगी देऊन टाकली होती. न्यायालयाने ती परवानगीच बेकायदा ठरवली. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या. त्यांना एआयसीटीईने घेतलेली परीक्षा पास होण्यासाठी जास्तीत जास्त दोन संधी मिळाल्या. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या थेट रद्द. त्या पदवीवर मिळालेली बढती गेली, मिळालेला पैसा तेवढा परत घेऊ नये असं न्यायालयाने सांगितलं. ज्या अधिकाऱ्यांनी मागाहून शिक्के मारले त्यांची सीबीआय चौकशी करायलाही सांगितलं.

मला हा निकाल कायद्याच्या दृष्टीने बरोबर वाटतो आणि तरी तो वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. हे विद्यार्थी कुठल्या भामट्याकडे गेले नव्हते. त्यांच्या हातात सरकारी परिषदेचं पत्र होतं. चाळिशीतल्या, पोरंबाळं असलेल्या माणसाला पुन्हा इंजिनीअरिंगच्या परीक्षेला बसायला लागलं, कारण दिल्लीतल्या दोन कार्यालयांनी आपलं काम केलं नव्हतं. त्याआधी छत्तीसगडमध्येही असंच झालं होतं. २००२ च्या राज्य कायद्याने जेमतेम वर्षभरात ११२ खासगी विद्यापीठं उभी राहिली, म्हणजे कागदावर. बहुतेकांना ना इमारत, ना मैदान. प्रा. यशपाल स्वतः न्यायालयात गेले, तेव्हा २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची मूळ कलमंच रद्द केली. तेव्हा ‘चौकशी करून प्रवेश घ्यायला हवा होता’ असं फसलेल्या मुलाला सुनावणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं आहे.

उरलेलं अर्धं आपल्याकडे येतं. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं की वीस वर्षांवरच्या लोकसंख्येत पदवी किंवा डिप्लोमा असलेले देशात सुमारे ७ टक्के आहेत आणि मुसलमानांत ४ टक्क्यांहूनही कमी. त्यानंतर आपल्याकडे शिकायची भूक वाढली आहे, हे कोणीही डोळ्यांनी बघू शकतं. पण ती वाढली त्याच घरांत जिथे कॉलेजचं तोंड आधी कोणी पाहिलेलं नाही. बाप रिक्षा चालवतो, भाऊ गॅरेजवर आहे, आणि मुलीला बारावीला ७२ टक्के पडले आहेत. कॉलेज लांब आहे, घरचे म्हणतात घरूनच कर. तिच्यासाठी डिस्टन्स हा पर्याय नसतो, तोच एक दरवाजा असतो. त्या दरवाजात जो उभा आहे त्याच्यावर ती विश्वास ठेवते, कारण त्याच्या सेंटरचं उद्घाटन नगरसेवकाने केलं होतं, गुणवंतांच्या सत्काराला मंचावर तो मधल्या खुर्चीत होता, आणि जमातीच्या हॉलमध्ये त्याचा फ्लेक्स दोन महिने लागलेला होता. ही उधारी त्याला आपण दिली. तिची वसुली त्या मुलीकडून होते.

मंचावरून आठवलं. ‘मानद डॉक्टरेट’ नावाचा एक उद्योग सध्या जोरात आहे. परदेशी वाटेल असं नाव असलेली कुठलीशी ‘युनिव्हर्सिटी’ हॉटेलात समारंभ करते, गाऊन-टोपी घालते, ‘नोंदणी शुल्क’ घेते, आणि दुसऱ्या दिवशी ईद मुबारकच्या बॅनरवर आपल्या नेत्याच्या नावाआधी ‘डॉ.’ लागतं. आम्ही हसतो आणि पुढे जातो. पण ज्या समाजाचे पुढारी विकतची पदवी अशी मिरवतात तिथे दहावी नापास मुलाला ‘एका वर्षात ग्रॅज्युएट’ हे खोटं का वाटावं? याचा बाजार केवढा मोठा असू शकतो ते कराचीच्या ‘अ‍ॅक्झॅक्ट’ने दाखवलं. नावाला सॉफ्टवेअर कंपनी, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मे २०१५ मध्ये उघड केलं की ती शेकडो खोट्या विद्यापीठांच्या वेबसाइट चालवून जगभर पदव्या विकत होती. आखातात गिऱ्हाइकं भरपूर. माझ्या व्यवसायबंधूंनी आपलं कौशल्य कुठे कुठे लावलं म्हणायचं!

खरं तर दूरशिक्षणाला नावं ठेवायचं काहीही कारण नाही. यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची आहे. इग्नू १९८५ पासून आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण तर १९७१ पासून चालू आहे. उर्दू माध्यमातून आलेल्यांसाठी मौलाना आझाद विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे. दहावी-बारावी राहिली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. यांचे फ्लेक्स आपल्या गल्लीत नसतात, कारण त्यांना माणशी कमिशन मिळणारा कोणी नसतो. म्हणून मला वाटतं की आपल्या जमाती, ट्रस्ट, तरुणांची मंडळं यांनी दोन कामं तरी करावीत. जून-जुलैत मशिदीजवळ किंवा शाळेत एक टेबल टाकून या संस्थांचे फॉर्म भरून द्यावेत. त्यासाठी चार पदवीधर आणि एक लॅपटॉप पुरतो. आणि कुठल्याही सेंटरला हॉल, मंच किंवा भिंत देण्याआधी त्यांच्याकडून लेखी घ्यावं: विद्यापीठ कोणतं, कोर्स कोणता, कोणत्या सत्रापासूनची परवानगी. ते यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर जाऊन ताडून बघायला दहा मिनिटं लागतात. फी विद्यापीठाच्या खात्यात जाते की ‘सरां’च्या, हेही तिथेच विचारावं. जो रागावेल त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

ज्यांच्या हातात अशी पदवी आधीच आहे, त्यांच्यासाठी थोडं. ती बायोडेटात पदवी म्हणून लिहू नका. खरी पदवी नसल्यामुळे नोकरी एकदा हुकते, पण खोटी पदवी पकडली गेली की पुढच्या कंपनीतही ते डोकावतं. जे काम येतं ते दाखवा, आणि शक्य असेल तर अठ्ठाविसाव्या वर्षीही इग्नूत किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठात पहिल्या वर्षाला नाव घाला. वर सांगितलेला मुलगा सध्या तेच करतो आहे, फ्रीलान्स कामं घेत. आणि गप्प बसू नका. पाटण्याच्या बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजने मगध विद्यापीठाची संलग्नता आणि दंतपरिषदेची मान्यता असल्याची खोटी जाहिरात करून प्रवेश दिले होते. विद्यार्थी ग्राहक आयोगात गेले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची नुकसानभरपाई कायम केली. शिक्षण ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ आहे की नाही यावर न्यायालयांत नंतर वेगवेगळे निकाल आलेले आहेत, त्यामुळे वकिलाला विचारूनच पाऊल टाका. सोबत पोलिसांत फसवणुकीची तक्रार देता येते. दोन्हीसाठी कागद लागतात. रोख दिलेल्या पैशांची साध्या कागदावरची पावती, सेंटरचा फ्लेक्स काढला असेल तर त्याचा मोबाइलमधला फोटो, ‘सरां’चे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सगळं एका जागी ठेवा. ग्राहक आयोगात जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.